फवारा गार हवा की गरम?

मुलांनो, पावसाळ्यात गावाबाहेरच्या वॉशिंग सेंटरसमोर मोटारसायकलींची रांग लागते, ती तुम्ही पाहिली असेल. चाकांना, मडगार्डला चिखलाचे पोपडे धरलेले असतात. तिथला दादा हातात बंदुकीसारखी नळी घेतो, खटका दाबतो आणि ‘फर्रर्र’ करत पाण्याचा फवारा सुटतो. जो चिखल आपण ब्रशने अर्धा तास घासत बसलो असतो, तो दोन मिनिटांत खाली! बघणाऱ्याला वाटतं, पाण्यात काहीतरी औषध घातलं असणार. तसं काही नसतं. पाणी आपल्या विहिरीचं नाहीतर बोअरचंच असतं. करामत असते ती दाबाची.

या यंत्राला प्रेशर वॉशर म्हणतात. त्याचे दोन प्रकार मिळतात. एक गार पाणी मारणारा आणि दुसरा पाणी तापवून मारणारा. आता यातला चांगला कोणता? तुम्ही लगेच म्हणाल, “यात काय विचारायचं? गरम पाण्यानंच जास्त स्वच्छ होतं. तेलकट कढई आम्ही गरम पाण्यानंच धुतो.” बरोबर आहे, पण अर्धंच बरोबर आहे. काही मळ गरम पाण्याने उलटा घट्ट बसतो. आणि एकदा तर समुद्रकिनारा स्वच्छ करायला गरम पाण्याचे फवारे आणले, तेव्हा तेलातून वाचलेले जीवच त्या पाण्याने मेले. ती हकिगत पुढे येईलच. आधी यंत्र समजून घेऊ.

कळसूबाईच्या माथ्यावरची टाकी

तुमच्या घराच्या गच्चीवर टाकी असेल. टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर जास्त. दाब मोजायला ‘बार’ नावाचं माप वापरतात. टाकी नळाच्या १० मीटर वर असेल तर नळाला साधारण १ बार दाब मिळतो. मोटारगाडीच्या चाकात आपण ‘३० ची हवा’ भरतो ना, ती म्हणजे सुमारे २ बार.

घरगुती प्रेशर वॉशरचा दाब असतो १०० बारच्या आसपास, आणि धंद्यासाठी वापरतात त्या यंत्रांचा १५० ते २०० बार. म्हणजे किती? आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. समजा, तिच्या माथ्यावर टाकी बांधली आणि तिथून पाइप टाकत टाकत थेट कोकणच्या किनाऱ्यापर्यंत आणला. त्या पाइपाचं तोंड बंद करून दाब मोजला तर तो सुमारे १६५ बार भरेल. एवढा दाब एका पेटीत मावेल अशा पंपाने तयार होतो! या पंपात बहुधा तीन दट्टे असतात. ते आळीपाळीने पुढे-मागे होतात आणि पाणी ढकलत राहतात. रंगपंचमीच्या पिचकारीत एक दट्टा असतो, इथे तीन, आणि हाताऐवजी मोटर.

पिचकारीचं भोक लहान केलं की धार लांब जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथेही नळीच्या टोकाला नोझल असतं, त्याचं भोक बारीक असतं. १०० बार दाबाचं पाणी त्यातून सुटतं तेव्हा हिशोबाने त्याचा वेग सेकंदाला सुमारे १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर येतो. वंदे भारत गाडीच्या कमाल वेगाच्या तिप्पट! हवेत शिरल्यावर धार फुटते, थेंब होतात आणि वेग भराभर कमी होतो. म्हणून दादा नळी गाडीच्या जवळ धरतो. हातभर लांबून मारलं तर काम होतं, पण दहा फुटांवरून मारलं तर गाडी नुसती भिजते.

आणि एक गंमत. एवढा जोर असूनही पाणी कमी लागतं. लहान यंत्रातून मिनिटाला साधारण ६ लिटर पाणी जातं. बागेच्या रबरी नळीतून त्याच्या दुपटी-तिपटीने वाहून जातं.

मळाची जात

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. धुण्याआधी विचारायचं, मळ कोणत्या जातीचा आहे?

चिखल, धूळ, वाळू, शेण, पालापाचोळा हा एक प्रकार. चिखल म्हणजे मातीचे बारीक कण. ते पाण्याने भिजतात, सुटतात आणि धारेच्या जोराने उडून जातात. पाणी तापवलं म्हणून माती काही वितळत नाही. इथे गार पाणी पुरतं. वाळलेल्या चिखलावर आधी थोडं पाणी मारून पाच-दहा मिनिटं भिजू दिलं की निम्मं काम झालं.

दुसरा प्रकार तेल, तूप, ग्रीस, वंगण, काजळी यांचा. हे पाण्यात मिसळत नाहीत. थंडीत तूप कसं थिजतं पाहिलंत ना? ग्रीसही गार पाण्याने आणखी घट्ट होतं. धारेने त्याचा थोडा तुकडा उडेल, बाकीचं इकडचं तिकडे फासलं जाईल. पाणी ७०-८० अंश सेल्सिअस तापलेलं असेल तर तेच ग्रीस पातळ होतं आणि घरंगळायला लागतं. शिवाय साबणाचं काम गरम पाण्यात जास्त जलद होतं. इंजिन, ट्रकची चॅसी, हॉटेलच्या स्वयंपाकघरातली धुराडी, कारखान्यातली तेलकट फरशी, या ठिकाणी गरम पाण्याला तोड नाही.

तिसरा प्रकार फसवा आहे. दूध, अंडं, रक्त. यांत प्रथिनं असतात. अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो, तो पुन्हा पातळ होत नाही. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० अंशांच्या पुढे गोठायला लागतो. आता अंडं सांडलेल्या ताटलीवर कुणी उकळतं पाणी ओतलं तर काय होईल? ताटलीवरच अंडं शिजून चिकटेल! दुधाचंही तसंच. म्हणून डेअरीत दुधाचे कॅन आधी गार किंवा कोमट पाण्याने विसळतात, आणि दूध निघून गेल्यावरच गरम पाणी आणि सोडा वापरतात. गुडघा फुटून शर्टाला रक्त लागलं तर आजी म्हणते, “आधी गार पाण्यात टाक रे.” आजीला प्रथिनांचा धडा कुणी शिकवला नव्हता, पण तिचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग सांगते. सहा स्टीलच्या ताटल्या घ्या. दोनांना बोटभर तूप चोळा, दोनांना ओला चिखल लावून वाळू द्या आणि दोनांवर अंड्याचा पांढरा भाग पसरा. अंडं चालत नसेल तर दूध ओतून वाळवा. आता प्रत्येक जोडीतल्या एका ताटलीवर गार पाणी आणि दुसरीवर गरम पाणी ओता. हाताने घासायचं नाही, फक्त पाणी ओतायचं. गरम पाणी मोठ्या माणसांनीच ओतावं, हे पालकांनाही सांगते. कोणत्या ताटलीत काय उरलं ते वहीत लिहा. तुपाच्या ताटलीचं पाणी एका वाडग्यात धरून थंड होऊ द्या. वर काय तरंगतं? तेच तूप पुन्हा थिजून! मोरीच्या पाइपात नेमकं हेच होतं, म्हणून नुसत्या गरम पाण्यावर भागत नाही, साबण लागतोच.

हेर्बर्ट झिनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९५९ साली ही गोष्ट फार सोपी करून मांडली. तो म्हणाला, स्वच्छ करायला चार गोष्टी लागतात. रसायन, उष्णता, घासण्याचा जोर आणि वेळ. यातली एक कमी केली की दुसरी कोणती तरी वाढवावी लागते. पाणी गार असेल तर साबण जास्त घ्या, नाहीतर जास्त घासा, नाहीतर जास्त वेळ भिजवा. रविवारी कपडे भिजवणारी प्रत्येक आई हे गणित रोज सोडवते. प्रेशर वॉशरने यातला घासण्याचा जोर वाढवला. गरम पाण्याच्या वॉशरने जोर आणि उष्णता दोन्ही.

वर्गातला हिशोब

आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील वॉशिंग सेंटर चालवतात. जुनं यंत्र दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं, नवं घ्यायचं होतं. दुकानदाराने गरम पाण्याचं यंत्र दाखवलं. त्याची किंमत गार पाण्याच्या यंत्राच्या कितीतरी पट. कर्ज काढायचं की नाही, यावर घरात बोलणं चाललं होतं. पोरगं दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन विचारतं, “बाई, गरम पाण्याचं यंत्र घेतलं तर महिन्याचं डिझेल किती लागंल?” असा प्रश्न पुस्तकात सापडत नाही. आम्ही फळा पुसला आणि मांडणी केली.

१ लिटर पाण्याचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते. बोअरचं पाणी २५ अंश धरलं. ते ८० अंशांवर न्यायचं, म्हणजे वाढ ५५ अंशांची. मिनिटाला ६ लिटर पाणी. ६ गुणिले ५५ म्हणजे ३३० किलोकॅलरी दर मिनिटाला. तासाला ३३० गुणिले ६०, म्हणजे १९,८०० किलोकॅलरी. १ लिटर डिझेल जळलं की सुमारे ८,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. भागाकार केला, उत्तर आलं सव्वादोन लिटरच्या थोडं वर. थोडी उष्णता धुराबरोबर जातेच. तेव्हा तासाला अडीच लिटर डिझेल धरायला हरकत नाही. मोठ्या यंत्रातून मिनिटाला १०-१२ लिटर पाणी जातं, तिथे हा आकडाही दुप्पट होतो.

मग एका मुलीने विचारलं, “डिझेल कशाला? विजेवर तापवायचं की.” तोही हिशोब केला. एवढ्या उष्णतेसाठी २३ किलोवॅट लागतात. घरातला गिझर बहुधा २ किलोवॅटचा असतो. म्हणजे अकरा-बारा गिझर एकदम चालू! घरच्या जोडणीवर हे कुठून जमणार? याउलट तेच ६ लिटर पाणी १०० बार दाबाने ढकलायला लागते फक्त १ किलोवॅट ताकद, मोटरची तूट धरली तरी दीड. पाण्याला पळवणं स्वस्त, पण तापवणं भलतंच महाग. मला स्वतःला हा फरक इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं.

म्हणूनच गरम पाण्याच्या बहुतेक मोठ्या यंत्रांत डिझेलचा बर्नर असतो. त्यात नळीचं वेटोळं बसवलेलं असतं. पाणी पंपातून गारच जातं, पंपाच्या पुढे त्या वेटोळ्यातून फिरतं आणि जाता जाता तापतं. आधी तापवून मग पंपात का नाही घालत? कारण पंपातल्या रबरी सीलांना गरम पाणी सोसत नाही. पालकांनो, गार पाण्याच्या यंत्राला गिझरची नळी जोडून ‘स्वस्तात गरम वॉशर’ करण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. बहुतेक घरगुती यंत्रांवर आत येणाऱ्या पाण्याची मर्यादा लिहिलेली असते, ती बऱ्याचदा ४० अंश असते. त्यापुढे सील जातात आणि पंप गळायला लागतो.

असं यंत्र युरोपात पहिल्यांदा केलं जर्मनीतल्या आल्फ्रेड केर्शर या इंजिनिअरने, १९५० साली. त्याचा मूळ धंदा तापवण्याच्या उपकरणांचाच होता, त्यामुळे पाणी तापवण्याची विद्या त्याच्या हाताखालची होती. घरात उचलून नेता येईल असं गार पाण्याचं यंत्र त्याच्या कंपनीने बाजारात आणलं ते बरंच नंतर, १९८४ मध्ये. म्हणजे इथे गरम आधी आणि गार मागून!

हां, आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांचं राहिलं. त्यांच्याकडे येतात मोटारसायकली, जीपगाड्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या. शंभरातल्या नव्वद गाड्यांना नुसती माती. त्यांनी गार पाण्याचं चांगल्या पंपाचं यंत्र घेतलं, आणि इंजिनच्या तेलकट भागासाठी फेसाचा साबण लावून दहा मिनिटं थांबायचं ठरवलं. झिनरचा चौथा घटक, वेळ! मला हा निर्णय पटला. पण त्यांचंच दुकान जेसीबी आणि ट्रकची इंजिनं खोलण्याचं असतं तर मी गरम यंत्राच्या बाजूने बोलले असते. तिथे दिवसभर ग्रीसच काढायचं असतं, माणसं रॉकेल-डिझेल लावून ब्रशने घासत बसतात आणि ते सगळं जमिनीत मुरतं.

अलास्काचा किनारा

आता ती समुद्रकिनाऱ्याची हकिगत.

२४ मार्च १९८९. अमेरिकेच्या अलास्का राज्यात वाल्डीझ नावाचं बंदर आहे. तिथून कच्चं खनिज तेल भरून ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे प्रचंड टँकर जहाज निघालं होतं. मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच ते ब्लाय रीफ नावाच्या खडकावर चढलं आणि त्याचं बूड फाटलं. प्रिन्स विल्यम साउंड या सुंदर आखातात सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडलं. उन्हाळ्यात आपल्याकडे १० हजार लिटरचे पाण्याचे टँकर येतात, तसे चार हजारांहून जास्त टँकर! वारा आणि लाटा यांनी ते तेल पसरत गेलं आणि सुमारे २,१०० किलोमीटर किनाऱ्याला लागलं. महाराष्ट्राच्या सगळ्या किनाऱ्याच्या दुपटीहून ही लांबी जास्त आहे.

समुद्रपक्षी, पाणमांजरं, सील असे असंख्य प्राणी मेले. मच्छिमारांचा धंदा बुडाला. जगभरच्या टीव्हीवर काळे पडलेले दगड आणि तेलाने माखलेले पक्षी दिसत होते. लोक चिडले होते, ‘स्वच्छ करा, लवकर करा’ अशी मागणी होती. दहा हजारांच्या आसपास माणसं कामाला लागली. आधी किनारे गार समुद्राच्या पाण्याने धुतले. पण ते पाणी किती गार असेल, विचार करा! अलास्काच्या समुद्राच्या पाण्यात तेल डांबरासारखं घट्ट झालं होतं, ते दगडांना सोडेना. मग तराफ्यांसारख्या सपाट जहाजांवर मोठमोठे हीटर बसवले, समुद्राचंच पाणी सुमारे ६० अंशांपर्यंत तापवलं आणि जोरदार फवाऱ्यांनी खडकांवर मारलं. तेल सुटलं. खाली वाहत आलेलं तेल तरंगत्या अडसरांनी अडवून गोळा करायचं, असं काम १९८९ चा अख्खा उन्हाळा चाललं. फोटोत खडक स्वच्छ दिसू लागले.

मात्र तो खडक नुसता खडक नव्हता. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर केवढी वस्ती असते, ते कोकणातल्या मुलांना मी सांगायला नको. शिंपले, कालवं, गोगलगाई, खेकड्यांची पिल्लं, समुद्री शेवाळ. अलास्कातही तसंच होतं. काही जीव तेलाखाली गुदमरून मेले होते, पण पुष्कळसे तेलातही तग धरून होते. ५-१० अंशांच्या पाण्यात जन्म काढलेल्या त्या जिवांवर ६० अंशांचं पाणी पडलं. ते अक्षरशः शिजले. फवाऱ्याच्या जोराने दगडांमधली बारीक वाळू आणि गाळही खाली वाहून गेला. या गाळातच शिंपल्यांचं घर असतं.

हे कळलं कसं? शास्त्रज्ञांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. किनाऱ्याचे काही तुकडे मुद्दाम न धुता राखून ठेवले होते. तेल लागलेले, पण हात न लावलेले. आपल्या प्रयोगातल्या ताटल्यांची जोडी आठवते ना? तीच पद्धत. मग अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर आणि हवामान संस्थेचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं तिथे जाऊन मोजणी करत राहिले. त्यांना दिसलं, की गरम पाण्याने जोरात धुतलेल्या किनाऱ्यांवर जीवसृष्टी परतायला, न धुतलेल्या तेलकट किनाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. त्यातही शिंपल्यांना फारच.

म्हणजे धुणाऱ्यांनी मूर्खपणा केला का? मला तसं म्हणायचं नाही. तेल तसंच ठेवलं असतं तर त्यावर येऊन बसणारे पक्षी आणि सील आणखी माखले असते. शिवाय न धुतलेलं तेल आपोआप नाहीसं झालं असंही नाही. २००१ साली, म्हणजे बारा वर्षांनी, शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर खड्डे खणून पाहिले तर काही ठिकाणी दगडांखाली तेल सापडलंच. आजही अशा अपघातात तज्ज्ञांपुढे हाच पेच असतो, की तेल काढायचं किती आणि जीव वाचवायचे किती. पण १९८९ नंतर एक गोष्ट बदलली. किनाऱ्यावर गरम फवारा मारण्याआधी आता तिथे काय जगतंय हे पाहिलं जातं.

आपल्याकडेही अशी वेळ आली होती. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात गेलं आणि खारफुटीपर्यंत पोहोचलं. खारफुटीची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात. तिथे गरम पाणी तर सोडाच, गार पाण्याचा जोरदार फवाराही नको. मुळं तुटतात, आणि धारेने तेल चिखलात आणखी खोल जातं.

दगडफूल नको असेल तेव्हा

जे गरम पाणी अलास्कात जिवांवर उठलं, त्याचाच दुसरीकडे उपयोग झाला. अमेरिकेत माउंट रशमोर या डोंगरात चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेले आहेत, वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन. एकेक चेहरा १८ मीटर उंच, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा. त्यावर दगडफूल वाढलं होतं. हो, तेच दगडफूल, जे आपण गोड्या मसाल्यात घालतो, किंवा त्याचे भाऊबंद! ते दगडाला चिकटून वाढतं आणि हळूहळू दगडाचा पृष्ठभाग पोखरतं. २००५ च्या उन्हाळ्यात कामगार दोरांना लटकले आणि जवळजवळ उकळत्या तापमानाच्या पाण्याचे फवारे मारून त्यांनी ते काढलं. रसायन अजिबात वापरलं नाही. पाणी तापवायचं ते दगडफूल मरावं म्हणूनच. नुसतं गार पाण्याने ते वरवर निघालं असतं आणि पुन्हा उगवलं असतं.

पण हे पाहून कुणी आपल्या गावच्या जुन्या मंदिरावर फवारा मारायला निघू नये. माउंट रशमोरचा दगड कठीण ग्रॅनाइट आहे. आपल्या कित्येक जुन्या वास्तूंचे दगड चुन्याने सांधलेले आहेत. जोराच्या धारेने तो चुना भसाभसा निघतो आणि मग पावसाचं पाणी भिंतीत शिरतं. ताजमहालाच्या संगमरवराला तर पुरातत्त्व खात्याची माणसं मुलतानी मातीचा लेप लावतात, तो वाळू देतात आणि मग पाण्याने हलकेच धुऊन काढतात. गार नाही, गरम नाही, फवाराच नाही.

यंत्र घरी आणायचं असेल तर

अलीकडे लहान वॉशर पुष्कळ घरांत दिसतात. घरच्या वापराला, म्हणजे अंगण, गच्ची, सायकल, स्कूटर यांना गार पाण्याचं यंत्र पुरतं, त्यात शंका नको. खरं सांगायचं तर एका स्कूटरसाठी दोन बादल्या पाणी आणि जुनं फडकं हेही पुरतं, आणि टँकरच्या दिवसांत तेच बरं. दूधधंदा असेल, गोठा आणि भांडी रोज धुवायची असतील, किंवा तेलातुपाचा कारखाना असेल तर गरमचा विचार करावा. आणि तो करतानाच धुतलेलं पाणी कुठे जाणार हेही पाहावं. गरम पाण्याने सुटलेलं ग्रीस हवेत विरत नाही, ते पाण्याबरोबर नाल्याला जातं. म्हणून मोठ्या वॉशिंग सेंटरमध्ये एक हौद ठेवतात. त्यात पाणी थोडा वेळ थांबतं, तेल वर तरंगतं, ते काढून घेतात आणि खालचं पाणी पुढे सोडतात.

मुलांनी एकट्याने हे यंत्र चालवायचं नाही. ताशी ५०० किलोमीटर आठवा. जवळून लागलेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं, आत मात्र पाणी आणि घाण खोलवर गेलेली असते. अशा जखमेवर हळद लावून बसायचं नाही, रक्त येत नसलं तरी ताबडतोब दवाखान्यात जायचं आणि ‘प्रेशरचं पाणी लागलंय’ असं डॉक्टरांना सांगायचं. गरम यंत्रात भाजण्याची भीती आणखी वेगळी. बर्नरच्या धुरासाठी ते बंद खोलीत कधीही चालवू नये. नोझलांना पुष्कळदा रंग दिलेले असतात. लाल म्हणजे एकाच रेषेत जाणारी सगळ्यात तिखट धार, पांढरं म्हणजे पंख्यासारखी पसरट. सुरुवात नेहमी पसरट धारेने करावी. गाडीच्या टायरवर अगदी जवळून मारू नये, टायर आतून फाटू शकतो. विजेच्या बोर्डावर, कुत्र्या-मांजरावर, आणि गंमत म्हणून मित्राच्या पायावर तर मुळीच नाही.

आणि बटण बंद केलं तरी नळीत दाब शिल्लक राहतो. आधी मोटर बंद करायची, मग पाण्याचा नळ बंद करायचा, मग नळी जमिनीकडे धरून खटका दाबायचा आणि उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. धार थांबली, की मगच नळी सोडवायची.